टाकी गेली, तेल राहिलं

पेट्रोल पंप बंद झाला की वर दिसणारं सगळं आठ-पंधरा दिवसांत निघून जातं. छत उतरतं, मशीन ट्रकवर चढतात, कंपनीचा फलक जातो, पेव्हर ब्लॉक कुणीतरी अंगणासाठी नेतो. खाली काय राहिलं हे विचारायची मात्र आपल्याकडे पद्धत नाही. वीस-वीस हजार लिटरच्या लोखंडी टाक्या कधी उपसून काढतात, कधी वाळू भरून तिथंच सोडून देतात. त्यांच्या सांध्यांतून वर्षानुवर्षं जे झिरपलं असेल त्याला कुणी हात लावत नाही. पुढे त्या जागेवर कॉम्प्लेक्स उभं राहतं, तळघरात दुकानं निघतात, मागच्या बाजूला बोअर होते. मग एखाद्या उन्हाळ्यात पाण्याला रॉकेलसारखा वास येऊ लागतो आणि संशय पहिल्यांदा जातो तो पाण्यातल्या मोटारीवर.

हे पुस्तक अशा जागांविषयी आहे. त्यात नमुना म्हणून धरलेली जागा अकोटची आहे, पण ती अकोटात शोधायला जाऊ नये. बाजारपेठेतल्या जुन्या पंपांच्या जागा कशा असतात त्यावरून ती रचली आहे. कुणा मालकाकडे वा कंपनीकडे बोट दाखवण्याचा हेतू नाही. अकोट निवडलं ते तिथल्या जमिनीमुळे.

उत्तरेला सातपुडा आणि नरनाळ्याचा किल्ला, दक्षिणेला पूर्णा नदी. डोंगरातून उतरणाऱ्या नाल्यांनी पायथ्याशी दगडगोटे, वाळू आणि गाळ यांचा जाड पट्टा टाकला आहे. त्यातलं पाणी गोडं, पण खोल; केळी आणि संत्री उभी आहेत ती त्याच्या जोरावर. दक्षिणेकडे सरकावं तसा गाळ बारीक होतो, माती चिकण होते आणि पाणी खारं. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा तो हाच. अकोट-तेल्हारा भागातल्या गावांना वान धरणावरून नळाचं पाणी आणावं लागलं, चौऱ्याऐंशी खेडी योजना उभी करावी लागली, ती याच कारणाने. एका तालुक्यात अशा दोन जमिनी असल्या की सांडलेलं एक लिटर पेट्रोल दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी वागतं. पायथ्याच्या गोट्यांतून ते फारसं न अडखळता खाली जातं. काळ्या जमिनीत ते आधी थबकतं, मग उन्हाळ्यात पडलेली भेग मिळाली की तिच्यातून उतरतं. आणि पावसाळ्यात तीच भेग मिटली की आत कोंडून राहतं.

काळ्या मातीचा दुसराही एक त्रास आहे, आणि तो बाहेरच्या पुस्तकांत फारसा भेटत नाही. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. दरवर्षी होणाऱ्या या उलाढालीत जमिनीखालच्या नळांचे सांधे ढिले होतात. त्यात मातीत क्षार आणि ओल दोन्ही असली की उघड्या लोखंडाला गंज लवकर चढतो. अकोला-अकोट रस्त्यावर गांधीग्रामच्या ब्रिटिशकालीन पुलाला तडा दिसला तेव्हा २०२२ मध्ये वाहतूक लगेच थांबवली गेली, कारण तडा दिसला. टाकीचा तडा दिसत नाही.

दिसत नाही, तरी वहीत सापडू शकतो. पंपावर सकाळी ‘डिप’ घेतात. मॅनेजर टाकीचं झाकण उघडतो, डिप रॉडच्या तळाच्या टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट लावतो, रॉड सरळ खाली सोडतो, टेकला की वर काढून ओली रेघ कुठवर आली ते वाचतो. पेस्टचा रंग बदलला तर टाकीत खाली पाणी आहे. तक्त्यावरून सेंटिमीटरचे लिटर होतात, कालचा साठा आणि विक्री यांच्याशी ते ताडून पाहिले जातात. फरक रोज येतोच. ऊन, बाष्पीभवन, टँकरची भरती, वाचणाऱ्याची नजर, कारणांना तोटा नाही. आता हिशेब पाहा. सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाला साधारण चार लिटर जातात, वर्षाला दीड हजारांवर. रोज काही हजार लिटर विकणाऱ्या पंपावर चार लिटर त्या नेहमीच्या फरकात सहज बुडून जातात. पण वाचण्यातल्या चुका कधी कमी, कधी जास्त दाखवतात आणि महिन्याच्या बेरजेत एकमेकींना खाऊन टाकतात. गळती मात्र कायम एकाच बाजूला जमा होत राहते. ज्याने महिन्याची बेरीज मारली त्याला ती सापडते. या पुस्तकाचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर हेच आहे: सफाईची सुरुवात यंत्रापासून होत नाही, वहीपासून होते, आणि दुसरी पायरी आपली स्वतःची जमीन वाचण्याची आहे.

जुन्या पंपांवर मशीन स्वतः टाकीतून पेट्रोल ओढायचं. नळाला भोक पडलं की ते हवा ओढू लागे, गिऱ्हाईक तक्रार करी, दुरुस्ती होई. पुढे टाकीतच बुडवलेले पंप आले आणि नळात दाब आला. आता भोक पडलं तर पेट्रोल बाहेर फेकलं जातं आणि वर मशीन मात्र ठणठणीत चालू राहतं. सुधारणेने गळती लपवली, असं म्हटलं तर ते फार चुकीचं नाही. म्हणूनच दाबाच्या नळाला गळती ओळखणारं यंत्र लावावं लागतं.

जमिनीत उतरलेलं इंधन चार रूपांत राहतं. काही मातीच्या कणांना चिकटून बसतं. काही भूजलापर्यंत पोचून, पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे, त्याच्यावर थर धरतं. काही पाण्यात विरघळून प्रवाहाबरोबर पुढे जातं. काही वाफ होऊन वर येतं आणि तळघरं, गटारं, बंद खोल्या गाठतं. विरघळणाऱ्यांत बेंझीन, टोल्युइन, इथिलबेंझीन आणि झायलीन ही चौकडी मुख्य; तंत्रज्ञ त्यांना मिळून ‘बीटेक्स’ म्हणतात. त्यातलं बेंझीन कर्करोगकारक. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ठेवली आहे. पेट्रोलमध्ये बेंझीन एक टक्का धरलं तर एका लिटर पेट्रोलमधलं बेंझीन, कागदावरच्या हिशेबाने, सुमारे पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. प्रत्यक्षात ते सगळं विरघळत नाही, जिवाणू काही खातात, काही उडून जातं. तरी नाकावर विसंबता येत नाही, कारण पाण्यातल्या बेंझीनचा वास जाणवेपर्यंत ते मर्यादेच्या शेकडो पट झालेलं असतं.

वऱ्हाडात एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: पाणी तसंही खारंच आहे, पीत कोण, मग बिघडलं काय? पुस्तकात याला बरीच जागा दिली आहे आणि ती योग्य आहे. पहिली गोष्ट, खाऱ्या पाण्याने लोक आंघोळ करतात, भांडी घासतात, ढोरांना पाजतात. बेंझीन श्वासातूनही शरीरात जातं. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पावसाचं मुरलेलं गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं, म्हणून जिथं ते साठतं तिथं खाऱ्याच्या वर थर करून राहतं. पेट्रोलही वरच राहतं. खारपाणपट्ट्यात जे थोडंसं चांगलं पाणी हाताशी आहे, नेमका त्याच्याच माथ्यावर हा थर येऊन बसतो.

याच जमिनीचा तिसरा खेळ ऋतूंचा आहे. मे महिन्यात भूजल खाली जातं, तेल त्याच्यामागे उतरतं आणि निरीक्षण विहिरीत बोटभर थर दिसतो. पावसाळ्यात पाणी वर चढतं, तेल मातीच्या पोकळ्यांत अडकतं आणि विहिरीतून गायब होतं. सप्टेंबरात नमुना घेणारा म्हणतो, थर नाही. तो खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो. उलट चिकण मातीत विहिरीतला थर आजूबाजूच्या जमिनीतल्या तेलापेक्षा जाड दिसतो, त्यामुळे मे महिन्यात घाबरून काढलेला अंदाजही फसतो. वर्षभराच्या नोंदीशिवाय अकोटच्या जमिनीवर निकाल देऊ नये, हा पुस्तकाचा आग्रह मला पटतो.

या विषयाचं शास्त्र घडलं ते मुख्यतः अमेरिकेत, आणि तेही चटके बसल्यावर. दुसऱ्या महायुद्धानंतर गाड्या वाढल्या, गावोगावी पंप झाले, उघड्या लोखंडाच्या टाक्या पुरल्या गेल्या. १९८०च्या दशकात त्या गंजून फुटू लागल्या. १९८४ साली तिथल्या संसदेने जमिनीखालच्या टाक्यांसाठी कायदा केला, १९८६ साली गळक्या टाक्यांसाठी निधी उभारला. इंधनाच्या प्रत्येक गॅलनवर सेंटच्या दहाव्या हिश्शाइतका कर, त्यातून हा पैसा. १९८८च्या नियमांनी जुन्या टाक्या सुधारायला किंवा बंद करायला दहा वर्षं दिली. आजवर तिथं साडेपाच लाखांहून अधिक गळत्या नोंदल्या गेल्या. बहुतेक निकाली निघाल्या, तरी पन्नास हजारांहून अधिक जागा अजून बाकी आहेत. आपल्याकडे असा आकडाच नाही. त्यावरून आपल्याकडे गळती नाही असा निष्कर्ष काढणारे असतात. त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नये.

सफाईच्या पद्धतींत पहिली आणि सर्वांत सोपी म्हणजे खोदणं: दूषित माती उचला, दुसरीकडे न्या, नवा मुरूम भरा. लहान जागेवर आजही हे चांगलं चालतं, फक्त ‘दुसरीकडे’ म्हणजे कुठे याचं उत्तर आधी हवं. दुसरी पद्धत पाणी उपसून शुद्ध करण्याची. १९८०च्या दशकात तिच्यावर फार भरवसा होता. १९९४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने अशा ७७ जागा तपासल्या, तर ६९ ठिकाणी उद्दिष्ट गाठलं गेलं नव्हतं. उपसा चालू असेपर्यंत पाणी सुधारतं, पंप थांबला की मातीला चिकटलेलं तेल पुन्हा विरघळू लागतं. तिसरा मार्ग हवेचा. मातीतून वाफा ओढून घ्यायच्या, किंवा हळूहळू हवा आत सोडून तिथल्या जिवाणूंना श्वास द्यायचा. वाळूत हे उत्तम चालतं, ओल्या काळ्या मातीत हवा शिरतच नाही. वऱ्हाडात एखादा ठेकेदार हे यंत्र घेऊन आला तर त्याला पहिला प्रश्न मातीबद्दल विचारावा.

जिवाणूंचा मार्ग मला सर्वांत रंजक वाटतो. १९७२ साली पेनसिल्व्हेनियातल्या अँब्लर गावी पेट्रोलच्या नळाची गळती झाली. सन ऑइल कंपनीचे रिचर्ड रेमंड यांनी बाहेरून जिवाणू आणले नाहीत. तिथल्याच जिवाणूंना नत्र, स्फुरद आणि प्राणवायू पुरवला. शेतकऱ्याला हे नवं वाटणार नाही. दुसरी शाखा खास जिवाणू तयार करण्याची. आनंद मोहन चक्रवर्ती यांनी तेल खाणारा जिवाणू घडवला आणि १९८० साली अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने त्याचं पेटंट मान्य केलं. तो प्रत्यक्ष सफाईपेक्षा कायद्याच्या वर्गातच जास्त गाजला. भारतात टेरी संस्थेने ‘ऑइलझॅपर’ हे जिवाणूंचं मिश्रण विकसित केलं आणि तेलकंपन्यांच्या तेलकट गाळावर ते वापरलं गेलं.

१९९५ साली कॅलिफोर्नियात लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या अहवालाने या सगळ्या मंडळींना धक्का दिला. शेकडो जागांच्या नोंदी पाहून त्यांनी म्हटलं की बहुतेक ठिकाणी विरघळलेल्या इंधनाचा पट्टा फार लांब जात नाही, जिवाणू त्याला वाटेतच आवरतात. त्यातून ‘नजर ठेवा, निसर्गाला काम करू द्या’ असं सांगणारी आणि धोक्याच्या मापाने सफाई ठरवणारी शाखा पुढे आली. तिच्यात शहाणपण आहे आणि आळशाला सोयीची पळवाटही आहे. नजर ठेवणं म्हणजे वर्षानुवर्षं ठरलेल्या विहिरींतून नमुने घेणं. नमुने थांबले की उरतं ते नुसतं दुर्लक्ष.

याच सुमारास त्या निष्कर्षाला छेद देणारी गोष्ट घडत होती. पेट्रोलमध्ये मिसळलेलं एमटीबीई नावाचं द्रव्य पाण्यात झटकन विरघळतं आणि सहजी कुजत नाही. १९९६ मध्ये सँटा मोनिका शहराला त्यापायी पिण्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या. इंधनाची कृती बदलली की गळतीचं वागणंही बदलतं, हा त्यातला धडा आज आपल्यालाच लागू आहे. आपल्या पंपांवर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जमिनीत गेल्यावर जिवाणू आधी इथेनॉलवर तुटून पडतात, प्राणवायू त्यातच संपतो, आणि बेंझीन न खाल्लेलं पुढे सरकतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, ही जुन्या टाक्यांची आणखी एक डोकेदुखी.

वाफेकडे दुर्लक्ष केल्यास काय होतं ते मेक्सिकोतल्या ग्वादलाहाराने पाहिलं. २२ एप्रिल १९९२ रोजी तिथल्या गटारांत साठलेल्या पेट्रोलचा स्फोट झाला, रस्तेच्या रस्ते उखडले, दोनशेंहून अधिक माणसं गेली. पेट्रोलचा लोखंडी नळ जस्ताचा मुलामा असलेल्या पाण्याच्या नळाला लागून होता, तिथं गंजून भोक पडलं होतं. आधीचे काही दिवस लोक गटारातून वास येतो म्हणून तक्रारी करत होते.

आपल्याकडे कायद्याची बाजू लंगडी होती, अगदी नव्हतीच असं नाही. १९३४चा पेट्रोलियम कायदा आणि २००२चे नियम आहेत; ते राबवणारी पेसो नागपुरात आहे. तिचं लक्ष आगीवर आणि स्फोटावर, भूजलावर नव्हे. पर्यावरणाच्या प्रश्नांवर काम करणारी नीरीही नागपुरातच, १९५८पासून. विदर्भात दोन्ही संस्था असताना अकोटच्या माणसाला बोअरच्या पाण्यातलं बेंझीन कुठे तपासायचं ते ठाऊक नसतं, ही वस्तुस्थिती आहे. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली राजस्थानातल्या बिच्छडीच्या नासलेल्या विहिरींच्या प्रकरणात ठामपणे लावलं. चेन्नईच्या तोंडियारपेठेत २०१३ मध्ये घरांच्या बोअरमधून तेल येऊ लागलं, तेव्हा भारत पेट्रोलियमच्या नळाचं प्रकरण हरित न्यायाधिकरणापुढे गेलं. २०२०च्या जानेवारीत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नव्या पंपांसाठी शाळा, दवाखाने आणि वस्तीपासून ५० मीटर अंतर ठरवलं, कमीत कमी ३०. आधीच बंद पडलेल्या पंपांच्या जागांचा प्रश्न त्याने सुटत नाही.

तो हाती घेणारे नियम जुलै २०२५ मध्ये आले. दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे हे केंद्रीय नियम जिल्हा प्रशासनाला दर सहा महिन्यांनी संशयित जागांची यादी करायला सांगतात. राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, पुढे सविस्तर. ज्याने घाण केली त्याने खर्च द्यायचा. तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली तर केंद्र आणि राज्याने. कागद चांगला आहे. पण यादीत नाव यायला जागा कुणालातरी माहीत असावी लागते.

पुस्तक नेमकं इथं उपयोगी पडतं. त्याने तीन कामं अंगावर घेतली आहेत: जागेचा इतिहास कसा खणून काढायचा, वऱ्हाडच्या दोन जमिनींत तपासणी विहिरी कुठे आणि किती खोल घ्यायच्या, आणि कोणती पद्धत कुठे चालते, कुठे पैसे बुडवते. खर्चाचे आकडे त्यात नाहीत, ते वर्षभरात शिळे झाले असते. टाकी स्वतः उघडण्याच्या सूचनाही नाहीत, आणि नसाव्यातच. रिकामी म्हटलेल्या टाकीत वाफ असते. गॅसमुक्त असल्याचा दाखला नसताना आत उतरलेली माणसं जिवाला मुकली आहेत. एक उणीव मात्र सांगायला हवी. पुस्तकाचा भर पेट्रोल-डिझेलच्या पंपांवर आहे; जिनिंगच्या आवारातल्या, गॅरेजमधल्या आणि स्वतःच्या गाड्यांसाठी पुरलेल्या खासगी टाक्या त्यात ओझरत्या येतात. वऱ्हाडात त्यांनाच अधिक जागा मिळायला हवी होती.

अकोट, तेल्हारा, अंजनगाव, परतवाडा भागातल्या ज्या वाचकांना आपल्या गावातला जुना पंप कुठे होता, टाक्या रस्त्याच्या कडेला होत्या की मागे, कोणत्या साली बंद झाल्या, हे आठवत असेल त्यांनी ते लिहून ठेवावं, जुना सात-बारा आणि नगर परिषदेचा नकाशा हाताशी असेल तर त्यावर खूण करावी, आणि त्याची एक प्रत तहसील कार्यालयात देऊन पोच घ्यावी.